मांडवात साक्षी हवेत, प्रेक्षक नकोत

पत्रिकेवर मुहूर्त छापला होता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. प्रत्यक्ष अक्षता पडल्या तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. गेल्या लग्नसराईत नांदेडजवळच्या विष्णुपुरी परिसरातील एका मंगल कार्यालयात प्रस्तुत लेखक एका विवाहास उपस्थित होता. वधूपिता शाळेपासूनचा मित्र. त्यामुळे जे पाहिले ते दुरून पाहिले असे म्हणता येत नाही आणि म्हणूनच ते लिहिणे भाग आहे.

मुहूर्त टळण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे वरपक्षाची मिरवणूक रस्त्यातच डीजेच्या तालावर तासभर थबकली. दुसरे म्हणजे ज्या पुढाऱ्यांच्या ‘शुभाशीर्वादा’साठी सर्वजण खोळंबले होते, ते त्या दिवशीचे पाचवे लग्न आटोपून येत होते. ते आले, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यांनी भाषण केले. मग त्यांच्या विरोधकांचाही सत्कार झाला. वधू तोवर कोठे होती? एका बंद दालनात ‘एन्ट्री’च्या खुणेची वाट पाहत. तिचे मामा तिला बोहल्यावर आणणार होते. पण आयोजकाने त्यांना बाजूला केले, कारण चित्रफितीच्या आराखड्यात मामांची जागा नव्हती. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा डोक्यावर ड्रोन घोंघावत होता आणि पुढे उभ्या असलेल्या छायाचित्रकारांच्या भिंतीमुळे अंतरपाट कोणालाच दिसला नाही. तो एका एलईडी पडद्यावर दाखविण्यात आला. शेवटचे ‘सावधान’ हवेत विरले न विरले तोच निम्मा मंडप जेवणाच्या टेबलांकडे धावला. लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या वेळी नवदांपत्याजवळ पुरोहित, चार नातलग आणि दोन कॅमेरे एवढेच उरले होते.

सायंकाळी पाचच्या सुमारास माझा मित्र एका कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला आढळला. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी म्हणालो, “झालं रे एकदाचं निर्विघ्न.” तो म्हणाला, “झालं बाबा. दोन एकर गेले, पण लोकांनी नाव ठेवलं नाही.”

त्या एका वाक्यात आजच्या मराठवाड्यातील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबाची सारी शोकांतिका सामावली आहे.

‘अनुभव’ विकत घेण्याचा व्यवसाय

विवाह आता ‘लावला’ जात नाही, तो ‘डिझाइन’ केला जातो. इव्हेंट मॅनेजमेंटच्या चकचकीत माहितीपत्रकात एक शब्द पुनःपुन्हा येतो : ‘अविस्मरणीय अनुभव’. वधूवरांसाठी अनुभव, पाहुण्यांसाठी अनुभव. हळदीची एक थीम, मेहंदीची दुसरी, संगीताची तिसरी; प्रत्येकीचे कपडे वेगळे. ज्या मराठवाड्याच्या लग्नात ‘संगीत’ नावाचा विधी कधी नव्हता, तेथे आता नृत्य शिकविणारा शिक्षक महिनाभर आधी घरी येतो आणि सासूबाईंपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांना पावले शिकवितो. आपल्याकडच्या हळदीत जात्यावरची ओवी होती, देवक बसविणे होते, मुहूर्तमेढ होती, तेलसाडी होती. ते सारे ‘वेळेअभावी’ गळाले. आणि जे आपले नव्हते त्यासाठी तीन दिवसांचा वेळ निघाला.

विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयाच्या काठी अनेकदा जोडपी प्री-वेडिंग चित्रीकरणासाठी येतात. चित्रपटातील नायक-नायिकेसारखे धावणे, फुगे, रंगीत धूर. शेजारीच गोदाकाठी काळेश्वराचे पुरातन मंदिर आहे; त्याच्या पायऱ्याही ‘बॅकग्राउंड’ म्हणून वापरल्या जातात. दर्शन घेण्याचे मात्र कित्येकांच्या लक्षात राहत नाही. पूर्वी लग्नानंतर जोडीने माहूरला रेणुकेच्या किंवा तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जाणे आणि घरी गोंधळ घालणे, ही नव्या संसाराची पहिली पायरी होती. आज लग्नाआधीच सर्व काही ‘चित्रित’ झालेले असते. विवाहाच्या दिवशी ती चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली जाते आणि आजी-आजोबा मान खाली घालून बसतात. हा कोणता आनंद?

संस्कार कोठे संपतो आणि खेळ कोठे सुरू होतो?

काहीजण म्हणतील, हा रुचीचा प्रश्न आहे. ज्याला जे आवडते ते तो करील. नम्रपणे सांगावेसे वाटते की, हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो आणि बंधनकारक ठरतो. म्हणजे ज्या क्षणी पाहुणे ताटे घेऊन रांगेत उभे असतात, नेमक्या त्याच क्षणी विवाह होत असतो! आपण अक्षता टाकून ‘लग्न लागले’ असे मानतो आणि ज्यासाठी आलो ते न पाहताच जेवून परततो.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात याच विषयावर खडे बोल सुनावले. हिंदू विवाह हा संस्कार आहे. तो नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा किंवा देवघेवीचा प्रसंग नव्हे, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट केले. जे धर्माचार्यांनी आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी सांगायचे, ते न्यायाधीशांना सांगावे लागले, ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, याचा विचार ज्याने त्याने करावा.

सप्तपदीची सात पावले कशासाठी असतात? अन्नासाठी, बळासाठी, समृद्धीसाठी, सुखासाठी, संततीसाठी, ऋतूंच्या अनुकूलतेसाठी आणि सातवे सख्यासाठी. पती-पत्नीचे नाते अखेरीस मैत्रीचे आहे, असे सांगणारे हे सातवे पाऊल किती वधूवरांना अर्थासह ठाऊक असते? पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासह तयार केल्या, स्त्रियांनाही पौरोहित्याचे शिक्षण दिले. त्या पद्धतीच्या विवाहात पुरोहित प्रत्येक विधीचा अर्थ सांगतात आणि मांडव शांतपणे ऐकतो. तेथे एलईडी पडदा लागत नाही.

दूर कशाला, नांदेडातच पाहा

हे सारे केवळ जुन्या आठवणींचे उमाळे आहेत, असे कोणास वाटत असेल तर त्याने विष्णुपुरीहून थोडे पुढे नांदेड शहरात जावे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या या नगरीत शीख बांधवांचा आनंद कारज आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. गुरू ग्रंथ साहिबांच्या उपस्थितीत चार लावा, अरदास आणि नंतर लंगर. श्रीमंत असो वा गरीब, पंगत एकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमृतसरला अकाल तख्तावरील पाच सिंह साहिबानांनी समुद्रकिनाऱ्यांवर आणि रिसॉर्टमध्ये आनंद कारज करण्यास मनाई करणारा निर्णय दिला. आपल्या संस्काराला कोणी करमणुकीचा कार्यक्रम बनवू पाहत आहे, हे त्यांच्या वेळीच ध्यानात आले आणि त्यांनी तो थांबविण्याचे धैर्य दाखविले. आपण काय केले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून परदेशात जाऊन विवाह करण्याच्या प्रथेबद्दल खंत व्यक्त केली आणि असे सोहळे देशातच व्हावेत असे आवाहन केले. ते योग्यच होते. पण त्या आवाहनाचा अर्थ, परदेशातला थाट देशात आणावा, एवढाच घ्यायचा काय? देशात विवाह करायचा तर तो आपल्या गावात, आपल्या कुलदैवताच्या साक्षीने, आपल्या ऐपतीत का करू नये?

एका दिवसाचा हिशेब

आता थोडे गणित मांडू. समजा, विवाहासाठी दहा लाखांचे कर्ज काढले, वार्षिक १२ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीने. महिन्याचा हप्ता होतो सुमारे २२ हजार २४४ रुपये. पाच वर्षांत परतफेड होते १३ लाख ३४ हजारांहून अधिक. म्हणजे केवळ व्याजापोटी सव्वातीन लाखांच्या वर रक्कम जाते. ज्या दिवशी शेवटचा हप्ता फिटतो, त्या दिवशी नातवंड शाळेत जाऊ लागलेले असते.

शेतकऱ्याचे गणित याहून कठोर आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४ हजार ८९२ रुपये होता. त्या भावाने दहा लाख रुपये उभे करायचे तर २०४ क्विंटल सोयाबीन विकावे लागते. कोरडवाहू जमिनीत एकरी आठ क्विंटल उतारा धरला, तरी हे साडेपंचवीस एकरांचे संपूर्ण पीक झाले. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांतला एक रुपयाही वजा न करता! मराठवाड्यात साडेपंचवीस एकर कोरडवाहू जमीन असलेले किती जण आहेत? ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात : सावकार किंवा जमिनीची विक्री. विष्णुपुरीच्या प्रकल्पाने गोदावरीचे पाणी उपसून उंचावरच्या शिवारात पोहोचविले. ते पाणी चढवायला एक पिढी खपली. त्या पाण्यावर उभी राहिलेली शेती विकायला मात्र एक लग्न पुरते.

आणि याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच दुष्काळी काळात, २०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या दोन वर्षांत, लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या तरुण मुलींनी आपल्या विवाहाच्या खर्चाचा आणि हुंड्याचा भार वडिलांवर पडू नये म्हणून जीवन संपविले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याला अर्धशतक उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. आपल्या भव्य मांडवांच्या छायेत त्या मुली उभ्या आहेत, याची जाणीव ज्याला होत नाही त्याने संस्कृतीचे नाव घेऊ नये.

गाडगेबाबांनी उभे आयुष्य कीर्तनांतून कर्ज काढून सण आणि लग्ने साजरी करू नका, म्हणून कंठशोष केला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी साध्या विवाहाचा पुरस्कार केला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून अल्पखर्चिक विवाहाचा पायंडा पाडला. विचारांचे मार्ग भिन्न असतील; पण या एका बाबतीत महाराष्ट्राच्या साऱ्या थोर पुरुषांचे एकमत होते. २०२५ साली पुण्यातील एका विवाहितेच्या दुर्दैवी मृत्यूनंतर मराठा समाजात ठिकठिकाणी बैठका होऊन विवाहाची आचारसंहिता ठरविण्यात आली. तिचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, संहिता करण्यासाठी प्रत्येक वेळी एखाद्या लेकीचा बळी जावा लागतो काय?

“मग चार पैसे कोणाला मिळतात, ते का दिसत नाही?”

विरोधी बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, या सोहळ्यांवर मंडपवाले, आचारी, फुलवाले, वाजंत्रीवाले यांचे पोट चालते. खरे आहे. पण जुन्या लग्नातही कुंभाराची मडकी होती, सुताराचे पाट होते, परटाच्या पायघड्या होत्या, कासाराच्या बांगड्या होत्या. गावातला पैसा गावातच फिरत होता. आज फुले दूरच्या बाजारातून येतात, सजावट प्लास्टिकची असते आणि सर्वांत मोठा वाटा ‘संकल्पना’ सांगणाऱ्याच्या खिशात जातो. साधा विवाह कोणाचे पोट मारीत नाही. तो पैसा हाताने राबणाऱ्याकडे वळवितो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी लग्ने तरी कोठे निर्दोष होती? हा आक्षेप आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मानपानावरून रुसवेफुगवे होते, हुंडा होता, वधूपित्याची लाचारी होती. घरच्या स्त्रिया चार दिवस चुलीपुढून हलत नव्हत्या. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जातीनुसार पंगती वेगळ्या बसत होत्या. ज्यांनी मांडवापुढे दिवसभर सनई-डफडे वाजविले, त्यांना जेवण मांडवाबाहेर मिळत होते. तो काळ परत यावा असे कोणीही म्हणत नाही. परंतु दोष काढायचा सोडून आपण गाभाच काढून टाकला. हुंडा गेला नाही, त्याने ‘लग्न मोठे करून द्या’ असे नवे नाव धारण केले. मानपान गेला नाही, तो व्यासपीठावरच्या सत्कारात जाऊन बसला. गेले ते सोयऱ्याधायऱ्यांचे आपलेपण.

तिसरा आक्षेप : आयुष्यातला एकच दिवस, तो संस्मरणीय का नसावा? अवश्य असावा! पण स्मरणात काय राहते? कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्रात विवाहाला जास्तीत जास्त २५ माणसे आणि दोन तासांची मर्यादा होती. उल्लंघनास ५० हजार रुपये दंड होता. त्या काळात ज्यांचे विवाह झाले, त्यांचे संसार काय अपुरे राहिले? उलट, कोणत्या २५ जणांना बोलवायचे हे ठरविताना पुष्कळ घरांना आपली खरी माणसे कोण, हे प्रथमच कळले. संकटाने शिकविलेला हा धडा संकट सरताच आपण विसरलो.

खरी गोष्ट अशी की, मनुष्याच्या लक्षात राहते ते त्याने पाहिलेले नव्हे, तर त्याने केलेले. मुहूर्तमेढ रोवताना ज्याने खड्डा खणला, रुखवत मांडताना जी रात्रभर जागली, पंगतीत वरणाची बादली घेऊन जो तीन तास फिरला, त्याला ते लग्न जन्मभर आठवते. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी, एवढ्या जेवणावर मराठवाड्यातील गावेच्या गावे तृप्त होऊन उठत, कारण वाढणारा हात ओळखीचा होता आणि आग्रह खरा होता. पाहुणा हा विवाहाचा साक्षी असतो. अग्नीबरोबर त्यालाही साक्षी ठेवलेले असते. उद्या या संसारात काही अडचण आली, तर धावून जाण्याची जबाबदारी त्याने अक्षतेबरोबर उचललेली असते. त्याला प्रेक्षक बनविले की तो जेवणाची चव आणि सजावटीचा खर्च यांवर मत देऊन घरी जातो. हजार प्रेक्षकांपेक्षा शंभर साक्षी संसाराला अधिक बळ देतात.

आरंभ आपल्या अंगणातून

टीका करणे सोपे आहे आणि ती दुसऱ्यावर करणे त्याहून सोपे. म्हणून शेवटचा प्रश्न आपण स्वतःला विचारू. समरसतेवर बौद्धिके देणारे, साधेपणाचा आदर्श सांगणारे आपण, आपल्याच घरच्या कार्यात काय करतो? ‘मुलाकडच्यांचा आग्रह होता’, ‘मुलीची हौस होती’, ‘समाजात राहायचे आहे’ ही वाक्ये आपल्याही तोंडी नाहीत काय? कार्यकर्त्याच्या घरचे लग्न हे शंभर भाषणांपेक्षा मोठे भाषण असते. मग ते कोणत्या बाजूचे, हे आपणच ठरवायचे.

तेव्हा येत्या लग्नसराईसाठी काही साध्या गोष्टी ठरवू या. पत्रिकेवरच्या मुहूर्तालाच अक्षता पडतील; कोणाही मान्यवरासाठी मुहूर्त थांबणार नाही. व्यासपीठावर सत्कार आणि भाषणे होणार नाहीत. आशीर्वाद सर्वांचे सारखे. पुरोहितांना आधी भेटून प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगण्याची विनंती करू आणि सप्तपदी पूर्ण झाल्यावरच पाने वाढली जातील. पंगत एकच असेल; वाजंत्रीवाले, स्वच्छता करणारे, मंडप उभारणारे तिच्यात मानाने बसतील आणि वधूचे आई-वडील पहिल्याच पंगतीला जेवतील. खर्च दोन्ही घरे निम्मा-निम्मा उचलतील. त्यासाठी कर्ज निघणार नाही आणि जमीन तर मुळीच विकली जाणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी सामूहिक विवाहात आपल्या मुलाला उभे करावे. तो गरिबांचाच मार्ग आहे, हा समज सुस्थितीतील घरांनीच मोडला पाहिजे.

आणि आणखी एक. विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या आणि शेजारच्या तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येथे येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. पण नियमाचे कलम कशाला पाहायचे? आत कोणाची तरी माता मृत्यूशी झुंजत असताना बाहेर डीजेवर नाचणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? मंगलाचा आरंभ कोणाच्या यातनेवर होत नाही.

माझ्या मित्राला धाकटी मुलगी आहे. तिचा विवाह दोन-तीन वर्षांनी करावा लागेल. त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्याने हलक्या आवाजात विचारले होते, “आता हिच्या वेळेला काय विकू?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही. ते त्याच्या घरी जेवून, आहेर देऊन, सजावटीची तारीफ करून परतलेल्या आपणा सर्वांकडे आहे. धाकटीच्या विवाहाच्या वेळी आपण त्याला आधीच जाऊन सांगितले पाहिजे, “तुझ्या अंगणातच मांडव घाल. आम्ही मेढ रोवायला येतो, वाढायलाही येतो.” एवढे म्हणणारी दहा घरे जरी त्याच्या पाठीशी उभी राहिली, तरी उरलेली जमीन वाचेल. आणि ते लग्न खात्रीने सर्वांच्या लक्षात राहील.